पास वसूल

आम्हां रत्नागिरीकरांच्या स्वभावाविषयी बाहेरची मंडळी नाना गोष्टी सांगत असतात. त्यांतील पुष्कळशा तिखटमीठ लावलेल्या असल्या, तरी एक गोष्ट आम्हांस नाकारता येत नाही. दिलेल्या पैशाचा मोबदला पुरेपूर पदरात पडल्यावाचून आमच्या जिवास चैन पडत नाही. आमचा हा गुण लग्नानंतर थोड्याच वर्षांत आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आला. १९९१ साली आम्ही एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढला होता. त्या प्रवासात किती मैल तोडले याचा हिशेब आमच्या जुन्या वहीत आजही सापडेल, परंतु काय पाहिले असे विचारल्यास सौभाग्यवती एवढेच सांगतात, "महाराष्ट्रातले झाडून सारे स्टँड पाहिले!"

अशा माणसाच्या हाती युरोपातील आगगाड्यांचा पास पडला म्हणजे काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा पास म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. त्याचे नाव 'युरेल'. युरोपाबाहेर राहणाऱ्या प्रवाशांसाठी तो १९५९ साली निघाला, तेव्हा त्यात १३ देश होते. आज ३३ आहेत. खुद्द युरोपातील रहिवाशांसाठी १९७२ पासून 'इंटररेल' नावाचा निराळा पास आहे. आम्ही घेतला तो एका महिन्यात कोणतेही सात दिवस वापरण्याचा. ज्या दिवशी पास लावाल, त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्यांत चढा, कितीही वेळा उतरा. निराळे तिकीट नाही. साठी उलटलेल्यांस किमतीत दहा टक्के सूट मिळते, ही बाब आमच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. पास कागदाचा नसून मोबाइलमध्येच असतो, आणि गाडीत बसण्यापूर्वी त्या दिवसाचा प्रवास त्यात नोंदवावा लागतो. मात्र फ्रान्स-इटलीतील वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांना जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते, ही मेख नवख्याने ध्यानात ठेवावी. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत बहुतेक गाड्यांना ते लागत नाही.

आणखी एक गंमत अशी की, पास म्हणतो 'मन मानेल तिकडे जा', आणि प्रवेशपरवान्याची कचेरी म्हणते 'कोणत्या रात्री कोठे निजणार ते आताच लिहून द्या'. त्यामुळे हिंदी प्रवाशाचे स्वातंत्र्य निघण्यापूर्वीच रकान्यांत बसविलेले असते. तीस हजार युरोंचा विमा, मुक्कामांची पत्रे, बँकेचे उतारे हे सारे जमवून आम्ही एक वही केली. तीत गाड्यांच्या वेळा, अंतरे आणि प्रत्येक गाडीचे सुटे तिकीट काढले असते तर किती पडले असते तो आकडा, असे तीन रकाने आखले. पासाच्या किमतीहून तिसऱ्या रकान्याची बेरीज जितकी जास्त, तितका आमचा विजय मोठा! ही वही आम्ही सौभाग्यवतींस मोठ्या अभिमानाने दाखविली. त्यांनी ती चाळली आणि म्हणाल्या, "छान आहे. स्वित्झर्लंडातून इटलीत उतरताना मात्र मला खिडकीशी बसू द्या हं." आम्ही 'बरे' म्हटले आणि पुढच्या बेरजेकडे वळलो. त्या मागणीचे कारण विचारण्याचे काही आम्हांस सुचले नाही.

२०२५ च्या जून महिन्यात, आंब्याचा हंगाम आटोपून, आम्ही उभयता निघालो. पिशवीत मेतकूट, भाजणी आणि आंबापोळी होतीच. फ्रँकफुर्टास उतरून ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने कोलोन, तेथून बाझेल, मग लुसर्न असा प्रवास झाला. आमचा तिसरा रकाना भरभर फुगत होता. चौथ्या दिवशी लुसर्नहून मिलानला जावयाचे होते. मध्ये आल्प्स पर्वत आडवा आहे. तो ओलांडण्यास आम्ही वेगात वेगवान गाडी निवडली होती. ती २०१६ साली खुल्या झालेल्या नव्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. हा बोगदा ५७ किलोमीटरांचा असून जगातील आगगाडीच्या बोगद्यांत सर्वांत लांब आहे.

सौभाग्यवती खिडकीशी बसल्या होत्या. सरोवर मागे पडले, दरी अरुंद होत गेली, दोहों बाजूंस बर्फाची शिखरे दिसू लागली. त्या अगदी पुढे सरकून, काचेला कपाळ टेकून बसल्या. इतक्यात एर्स्टफेल्ड गावाजवळ गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर काळोख झाला. एक मिनिट गेले, पाच गेली, दहा गेली. आम्ही घड्याळ लावून बसलो होतो. सुमारे वीस मिनिटांनी पलीकडे ऊन पडलेले दिसले, तेव्हा आम्ही हर्षाने म्हणालो, "पाहिलंस? आख्खा आल्प्स वीस मिनिटांत!"

उत्तर आले नाही. वळून पाहतो तो त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"देऊळ गेलं," त्या म्हणाल्या.

"कसलं देऊळ?"

"वासेनचं. अण्णांचं."

आमचे सासरे राजापूर तालुक्यातील एका शाळेत मास्तर होते आणि भूगोल शिकवीत असत. त्या काळी आमच्या जिल्ह्यात आगगाडी नव्हती. मुंबईला जावयाचे तर आगबोट किंवा एस.टी.; गाडीचे तोंड पाहावयाचे तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे. मास्तरांच्या वर्गातील बहुतेक मुलांनी आगगाडी चित्रातच पाहिलेली. मास्तरांनी कोणत्याशा जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनात गॉटहार्डच्या रेल्वेची हकीकत वाचली होती. ती ते दरवर्षी सातवीच्या वर्गास फळ्यावर काढून दाखवीत. डोंगराच्या कडेवर वासेन नावाचे खेडे आणि त्यात एक पांढरे देऊळ. देऊळ म्हणजे अर्थात ख्रिस्ती लोकांचे. परंतु मास्तरांच्या भाषेत ते देऊळच. आगगाडीला उभा चढ चढता येत नाही, म्हणून ती डोंगराच्या पोटात शिरून वाटोळी फिरते आणि वर निघते, पुन्हा वळते, पुन्हा वर निघते. आपल्या आंबा घाटात मोटार वळणे घेते त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तेथली वळणे बोगद्यांत लपलेली आहेत. त्यामुळे प्रवाशाला तेच देऊळ तीनदा दिसते. प्रथम ते डोक्यावर असते, मग समोर येते आणि शेवटी पायांखाली राहते. मास्तर फळ्यावर तीन ठिकाणी तीन डबे काढीत आणि मुलांना विचारीत, "देऊळ हललं का रे?"

ही हकीकत सौभाग्यवतींनी आम्हांस त्या गाडीत सांगितली. त्यांनी स्वतः रत्नागिरीत तीस वर्षे भूगोल शिकविला, आणि दरवर्षी तेच देऊळ, तेच तीन डबे फळ्यावर काढले, हेही आम्हांस तेव्हाच कळले. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट आमच्या कानी आली नव्हती. खरे म्हणजे आम्ही कधी विचारलीच नव्हती. "गाडी तिथूनच जाणार असं मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "ती आता खालून जाते हे मला कुठे ठाऊक! अण्णा म्हणायचे, तुला तरी दिसो. आणि मी इतक्या मुलांना सांगितलं. ते खरं होतं की नाही, एवढंच पाहायचं होतं."

आम्ही वही उघडली. त्यात मिलानचे आरक्षण होते, पैसे भरलेले. मिलानची खोली होती, तिचेही पैसे भरलेले. गाडी बेलिंझोना स्थानकात शिरत होती. आमच्या आयुष्यात आम्ही भरलेले पैसे बुडविल्याचे उदाहरण नाही. परंतु त्या क्षणी आमच्या तोंडून शब्द निघाले, "ऊठ. उतरू या."

"अहो, पण मिलान?"

"मिलान उद्याही तिथेच राहील."

फलाटावर उतरून चौकशी केली. जुना डोंगरमार्ग बंद पडलेला नाही. त्यावरून तासातासाला गाडी जाते, आणि तिला आरक्षण लागत नाही. आमच्याजवळ पास होता, आणि दिवस मध्यरात्रीपर्यंत आमचा होता! सुटी तिकिटे काढून आलो असतो, तर पुढचा प्रवास सोडून उलट दिशेने जाण्याचा असा निर्णय आमच्या हातून झाला असता की नाही, याची आम्हांस दाट शंका आहे.

तांबूस रंगाची ती गाडी सावकाश चढू लागली. वाटेत धबधबे होते, चीड आणि देवदारासारखी झाडे होती, उतरणीवर गाई चरत होत्या. ऐरोलो गाव आले आणि मागोमाग जुना बोगदा. हा १५ किलोमीटरांचा असून १८७२ ते १८८२ अशी दहा वर्षे खणला जात होता. तो पुरा झाल्यावर चारच वर्षांनी, १८८६ साली, ब्रह्मदेशच्या थिबा राजास आमच्या रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. कारण रत्नागिरी इतके एका बाजूस होते की, तेथून राजाचा कोणाशी संबंध येण्याची धास्ती सरकारास नव्हती! एकीकडे पर्वताच्या आरपार गाडी जाऊ लागली, त्याच सुमारास दुसरीकडे गाव आडबाजूला आहे हीच त्याची योग्यता ठरली. त्या गावास गाडीचे दर्शन व्हावयास विसावे शतक संपत यावे लागले.

बोगद्याच्या उत्तर टोकास ग्योशेनेन. तेथून गाडी उतरू लागली. आणि एकाएकी सौभाग्यवतींनी आमचा हात घट्ट धरला. खाली, खूप खाली, टेकाडावर एक पांढरे इवलेसे देऊळ! बोगदा. बाहेर येतो तो देऊळ समोर. पुन्हा बोगदा. आता ते वर, आकाशाला टेकलेले. गाडी वासेनला थांबत नाही; परंतु जणू काही ते देऊळच आम्हांस पुनःपुन्हा भेटावयास येत होते.

"झालं ना समाधान?" आम्ही विचारले.

"उलटं झालं," त्या म्हणाल्या. "अण्णांचं देऊळ आधी वर असायचं. ते दक्षिणेला निघायचे, आपण उत्तरेला निघालो."

मग आम्ही एर्स्टफेल्डास उतरलो. आमच्या लुसर्नच्या वाटेवर आता पुन्हा येऊन पोहोचलो होतो. फलाटावरील बाकावर बसून आंबापोळी खाल्ली आणि परत वर जाणाऱ्या गाडीत चढलो. या खेपेस देऊळ आधी वर, मग समोर, मग खाली. तिसऱ्यांदा ते दिसले तेव्हा सौभाग्यवती काचेवर बोट ठेवून, वर्गात विचारतात त्याच आवाजात, हळूच म्हणाल्या, "देऊळ हललं का रे?"

डब्यातील एक म्हातारा स्विस गृहस्थ आमच्याकडे पाहून हसला. त्याला मराठी कळण्याचे कारण नव्हते. पण देऊळ मोजणारी माणसे त्याने पूर्वीही पाहिली असावीत.

ऐरोलोस आम्ही मुद्दाम उतरलो. स्थानकाजवळच बोगदा खणताना मेलेल्या मजुरांचे स्मारक आहे. व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचे ते काम. ब्राँझमध्ये ओतून १९३२ साली येथे बसविले. काही मजूर एका मृत सोबत्यास झोळीतून वाहून नेत आहेत, असा त्यातील देखावा आहे. दहा वर्षांत सुमारे दोनशे माणसे गेली. बोगद्याचा ठेकेदार लुई फाव्हर हाही १८७९ साली त्या बोगद्यातच कोसळून मरण पावला. आम्हांस आमच्या रत्नागिरी स्थानकापाशी असलेले श्रमशक्ती स्मारक आठवले. कोकण रेल्वे बांधताना जे गेले त्यांच्यासाठी ते उभारले आहे. त्याच्यासमोरून आम्ही कितीदा तरी सामान ओढीत घाईने गेलो आहो. थांबलो मात्र कधी नाही.

रात्र बेलिंझोनास काढली. खोलीचे पैसे पडले, मिलानची खोली फुकट गेली, आरक्षण बुडाले. झोपण्यापूर्वी सवयीने वही उघडली. तिसऱ्या रकान्यात काय लिहावे हे काही केल्या सुचेना. म्हणून ती मिटून ठेवली आणि पुढील प्रवासात उघडली नाही. व्हिएन्नाचा बेत होता, तो सौभाग्यवतींच्या सल्ल्याने बदलला. उरलेल्या तीन दिवसांत जे पाहिले ते थोडे पाहिले, पण दोघांनी मिळून पाहिले.

जुलैत परत आलो. मुंबईहून कोकण रेल्वेने घरी निघालो, तेव्हा धो धो पाऊस कोसळत होता. पावसाळी वेळापत्रक असल्यामुळे गाडी बेताबेताने चालली होती. रत्नागिरी जवळ आली आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागला. मास्तर १९९५ साली वारले, तेव्हा आमच्या जिल्ह्यात रेल्वेची कामे जोरात चालू होती. २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला. तो पाहावयास ते नव्हते. सौभाग्यवती काळोख्या काचेकडे पाहत बसल्या होत्या. या खेपेस मात्र आम्ही विचारले, "काय मनात आलं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "अण्णांना गाडीत बसून उतरताना आपलं गाव दिसलं असतं, तर कितीदा दिसलं असतं, ते मोजत होते."

गाडी स्थानकात शिरली. छत्री उघडून आम्ही बाहेर पडलो. श्रमशक्ती स्मारकापाशी दोघे क्षणभर उभे राहिलो आणि मग रिक्षा केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मित्रांनी पहिलाच प्रश्न केला तो हा, "काय हो, पास वसूल झाला का?" झाला, असे आम्ही सांगितले, कसा, ते येथे लिहिले आहे. वाचकांपैकी कोणी अशा प्रवासास निघणार असतील तर त्यांस आमची एवढीच विनंती आहे. वहीत गाड्यांच्या वेळा अवश्य मांडाव्यात, जागांचे आरक्षण वेळेवर करावे. परंतु पहिला रकाना आखण्यापूर्वी बरोबरच्या माणसास, तुला काय पाहावयाचे आहे, हे विचारून घ्यावे.