मावा केकच्या वाटेवर

दोन मित्र सायकलींवरून शेजारी शेजारी निघाले, की त्यांच्या संभाषणाला एक निराळाच मोकळेपणा येतो. समोरासमोर बसलेला माणूस आपला चेहरा सांभाळीत बोलतो. सायकलस्वाराची नजर मात्र रस्त्यावर असते. त्यामुळे मनात दडवलेले शब्द नकळत ओठांवर येतात.

१९९४ साली मी पुण्याच्या पेपल सेमिनरीत ईशज्ञानाचे शिक्षण घेत होतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये कँडी येथे स्थापन केलेली ही सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास, नगर रस्त्यावर आली. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून अजून ओळखले जाई. सुट्टीच्या दिवशी माझा एक वसईकर वर्गबंधू आणि मी सायकली काढीत असू. गाड्या जुन्या आणि जड. माझ्या सायकलीची साखळी तर हटकून उतरायची. तो पुढे गेलेला असला तरी घंटी न वाजवताही त्याला कळे. तो थांबे, परत येई आणि हात काळे करून साखळी चढवून देई.

येरवडा मागे टाकून, बंड गार्डनचा पूल ओलांडून आम्ही लष्कर भागात शिरत असू. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीच्या श्रूसबरी बिस्किटांची ख्याती मोठी. पण बेकरीतून जिन्नस घेऊन निघावे लागते आणि आम्हांला तर निवांत बसायचे असे. म्हणून आम्ही जवळच्या एका इराण्याच्या हॉटेलात जात असू. इराणातील यझ्द, करमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबई-पुण्यात अशी हॉटेले थाटली. संगमरवरी टेबल, बाकदार पाठीच्या काळ्या लाकडी खुर्च्या, घट्ट गोड चहा आणि कागदाच्या वाटीतला मावा केक! खव्यामुळे तो आतून ओलसर राहतो, वरची साय खरपूस तांबूस होते आणि फोडताच वेलदोड्याचा दरवळ येतो. खिशातील पैशांत दोन चहा आणि एक केक एवढेच बसे. केकचे दोन भाग तो करी आणि पहिला भाग मी उचली.

त्या वर्षीच्या डिसेंबरात, परतीच्या वाटेवर, पुलावर वारा समोरून येत असताना तो म्हणाला, "अरे, मी नाताळाला घरी जातोय, तो परत येणार नाही." मी पायडल मारीत राहिलो. थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुला राग आला?" मी म्हणालो, "नाही. आईबाबांना सांगितलंस?" "नाही. आधी तुलाच सांगतोय." सेमिनरीच्या फाटकापर्यंत आम्ही आणखी काही बोललो नाही, मात्र दोघांनीही वेग कमी केला होता.

त्या काळी सेमिनरी सोडून आलेल्या मुलाकडे गाव कसे पाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. देवळाबाहेर लोक त्याच्या आईशी बोलताना आवाज खाली आणीत. पुढे तो शिक्षक झाला, संसारी झाला. १९९७ साली माझ्या पहिल्या मिस्सेला तो पहिल्या बाकावर होता आणि त्याच्या मुलीचा स्नानसंस्कार माझ्या हातून झाला.

आज प्रमुख धर्मगुरू म्हणून माझ्याकडे आईवडील मुलांना घेऊन येतात. कुणाला ठरलेले लग्न नको असते, कुणाला चालू शिक्षण. "फादर, तुम्हीच याला समजवा," असे म्हणून ते मुलाला माझ्या टेबलासमोर बसवतात. मी उठतो आणि त्याला म्हणतो, "चल, जरा शाळेच्या मैदानाला फेरी मारू." पहिल्या फेरीत बहुधा तो गप्पच असतो. दुसऱ्या फेरीत बोलू लागतो.