परतीचा टेम्पो

हैदराबादचे लग्न आटोपून आम्ही सोलापूरला परतत होतो. जहिराबादच्या पुढे अब्बांच्या जुन्या मारुतीने वाफ सोडली. काटा लाल रेषेवर गेला होता. ढाबा गाठू म्हणून आम्ही ती तशीच दामटली, तिथेच चुकलो. हेड गॅस्केट उडाले. मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलावे लागेल, आठ दिवस लागतील.

घर दोनशे किलोमीटर. क्रेनवाल्याने रिकामे परत येणेही धरून चौदा हजार सांगितले. भाईजान म्हणाले, "इथेच भंगारात देऊन टाकू." अब्बा काही बोलले नाहीत. याच गाडीतून अम्मीला त्यांनी दोन वर्षे डायलिसिसला नेले होते. पुढच्या सीटवर तिची उशी अजून तशीच होती.

ढाब्यावरच्या चहावाल्याने वाट दाखवली. "सोलापूरचा कांदा उतरवून टेम्पो रिकामे जातात. त्यांना विचारा." तिसरा टेम्पोवाला चार हजारांवर तयार झाला, डिझेल तर त्याला जाळायचेच होते. रस्त्याकडेच्या उंचवट्याला टेम्पोचा फाळका टेकवून आम्ही गाडी ढकलत चढवली, गिअरमध्ये टाकली, चाकांना दगड लावले, दोरांनी आवळली.

उमरगा, नळदुर्ग मागे पडले. केबिनमधून अब्बा सारखे मागच्या काचेतून गाडीकडे पाहत होते.

पहाटे मार्केट यार्डाच्या उतारावर गाडी उतरवून घरापर्यंत ढकलत आणली. अब्बांनी आधी उशी काढून आत नेली. भाईजान खाली मान घालून म्हणाले, "मिस्त्रीला मी बोलावतो."