चावी

आजीचं कपाट उघडायचं होतं आणि चावी कुठेच सापडेना. शेवटी कुलूपच काढून हुबळीतल्या दाजीबानपेठेत नेलं. तुळजाभवानीच्या देवळाच्या वाटेवर बसणाऱ्या कारागिरानं ते कानाशी हलवून पाहिलं. “चावी इल्लेन्री?” चावी नाही का हो, त्यानं कन्नडमध्ये विचारलं. कोरी पितळी चावी शेगड्यात आवळून तो कानस मारू लागला. घासलेल्या पितळेचा वास आला आणि आजीच्या कमरेचा जुडगा आठवला. ती चालली की आधी तो वाजायचा.

पुण्यात शाळेत गेले तेव्हा निबंधात मी तिचा ‘चाव्यांचा जुडगा’ लिहिला होता. बाईंनी लाल शाईनं ‘चाव्यांचा’ खोडून वर ‘किल्ल्यांचा’ लिहिलं. वर्गात म्हणाल्या, “हे तुमच्या हुबळीकडचं.” ते खोडणं मी अजून माफ केलेलं नाही.

हुबळीकडचं कसं असेल? शब्द पोर्तुगिजांचा. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि पगार, बटाटा यांच्यासारखाच हाही घाट चढला. गुजरातीत चावी, हिंदी-बंगालीत चाबी, तमिळमध्ये सावी. त्या काळी पोर्तुगीज लोक त्याचा उच्चार ‘च’नंच करत. पुढे लिस्बनकडं त्या ‘च’चा ‘श’ झाला. दाजीबानपेठेतल्या कारागिराच्या तोंडी मात्र तो जुना ‘च’ अजून खणखणीत आहे. पेठेत कुणी घरी कन्नड बोलतं, कुणी मराठी, एसएसके म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची बोली तर तिसरीच. चावी सगळ्यांची.

१६७३ साली मराठ्यांच्या फौजेनं हीच हुबळी लुटली. इंग्रजांची वखारही सुटली नाही. त्या दिवशी कुलपं फुटली असतील आणि चाव्या तशाच बायकांच्या कमरेला राहिल्या असतील. इतिहास वाचताना माझं मन फौजेबरोबर कधीच जात नाही, त्या बायकांपाशीच अडतं.

आजी तर दारातल्या नळालाही ‘चावी’च म्हणायची. “चावी सोडून ठेव गं, पाणी येईल.” हुबळीत आठ-आठ दिवस पाणी नसायचं. रस्त्यातला व्हॉल्व्ह लांब लोखंडी दांड्यानं फिरवणारा माणूस यायचा, त्याला सगळी गल्ली ‘वॉलमन’ म्हणायची. लग्न होऊन मुंबईला आले, तर तिथं तेच काम करणाऱ्या पालिकेच्या माणसाला ‘चावीवाला’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हंडा तिथंच ठेवून मी आजीला पत्र लिहायला बसले.