आजीची जपमाळ

आमच्या वसईत दिवेलागणीला घरोघर जपमाळ सुरू होई. आजीची माळ लाकडी मण्यांची, बोटे फिरून फिरून गुळगुळीत झालेली. तिच्या मांडीशी बसून मी नमो मारिया ही प्रार्थना शिकले. ही माळ मरियामातेने स्वतः संत डॉमिनिकच्या हाती दिली, असे आजी सांगे. त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

कॉलेजात असताना मी चर्चचा इतिहास वाचला. डॉमिनिक 1221 साली वारले, पण ही कथा पसरली पंधराव्या शतकात, आलान द ला रोश या डॉमिनिकन साधूमुळे. पुढे अठराव्या शतकात बोलांडिस्ट या जेझुइट अभ्यासकांना तिच्यामागे पुरावा सापडला नाही. माळ हळूहळूच घडत गेली होती. मठवासी बायबलमधली दीडशे स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नसे, ते त्याऐवजी दीडशे छोट्या प्रार्थना म्हणत. वाचता वाचता मला भरून आले. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती माळ तिच्यासारख्यांसाठीच होती!

दुसरी समजूत मात्र फार क्रूर होती. आजीचे पहिले बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले. अशी बाळे लिंबो नावाच्या ठिकाणी राहतात, त्यांना देवाचे दर्शन कधीच घडत नाही, हे तिला लहानपणीच शिकवलेले. तिने ते खरे मानले. तरीही माळेचे शेवटचे दशक, म्हणजे शेवटच्या दहा नमो मारिया, ती जन्मभर त्याच बाळासाठी म्हणत आली. जे होणारच नाही असे ऐकले होते, तेच ती देवाकडे रोज मागत होती. तिच्या श्रद्धेची थोरवी मला इथे दिसते: शिकवणुकीपेक्षा तिने देवाच्या दयेवर जास्त भरवसा टाकला.

लिंबो हा चर्चचा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत, असे मांडले. आजी तोवर गेली होती.

माळ आता माझ्याकडे आहे. खोट्या कथेवरची भक्ती कशाला, असे मला विचारले जाते. कथा खोटी ठरली, पण आजीने कुणासाठी मागितलेले काहीच त्यामुळे खोटे ठरत नाही. मात्र चुकीच्या शिकवणुकीने तिला जो घोर लावला, तो मी विसरणार नाही. म्हणून धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: डॉमिनिकची गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण आख्यायिका म्हणून सांगा, आणि बाळ गमावलेल्या कुठल्याही आईला लिंबोचे नाव ऐकवू नका.