टॅक्सीच्या डिकीत कीबोर्ड!

हातातलं काम ठेवा बाजूला! हैलू मर्गिया! नाव ऐकलंय? मीही परवापर्यंत ऐकलं नव्हतं हो! मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, आरतीत माझा टाळसुद्धा उलटा पडतो, पण हा माणूस... अहो, हा माणूस!

इथिओपियाचा. अ‍ॅकॉर्डियन आणि ऑर्गन वाजवणारा. सत्तरच्या दशकात त्याचा 'वालियास बँड' आदिस अबाबाच्या हिल्टन हॉटेलात वाजवायचा. बाहेर लष्करी राजवट, रात्री संचारबंदी! घरी जायची सोय नाही, मग लोक काय करायचे? पहाटेपर्यंत नाचायचे!

आणि मग 1981 मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि मग हैलू वॉशिंग्टनलाच राहिला आणि मग 1985 मध्ये त्यानं एक कॅसेट केली, आणि तीत अ‍ॅकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझर, ड्रम मशीन सगळं एकटाच! खेड्यातल्या म्हाताऱ्यांचे सूर आणि खाली मशीनचं टिकटिक टिकटिक! कोणाला सुचतं हे?

आणि मग? मग गडी टॅक्सी चालवायला लागला! डलेस विमानतळावर! वर्षानुवर्षं!

आता खुर्ची घट्ट धरा. डिकीत कीबोर्ड! बॅटरीवरचा! गिऱ्हाईक सोडलं की पुढचा नंबर लागेपर्यंत हा गाडीत बसून वाजवतोय! मागे बॅगा घेऊन बसलेल्या लोकांना पत्ताच नाही की स्टिअरिंगवर कोणाची बोटं आहेत! मला तर त्या प्रवाशांचाच राग आला. विचारायचं ना काहीतरी!

आणि मग ब्रायन शिम्कोविट्झ नावाच्या एका कॅसेटवेड्या अमेरिकन माणसाला इथिओपियातल्या बाहिर दार शहरात ती जुनी कॅसेट सापडली आणि त्यानं हैलूला हुडकून काढलं आणि 2013 मध्ये ती पुन्हा बाजारात आली आणि हा पुन्हा स्टेजवर! 2018 मध्ये नवा अल्बम, 'लाला बेलू'. सत्तरी ओलांडल्यावर!

आणि एक राहिलंच! तिकडे इथिओपियात 'तिझिता' नावाची पाच सुरांची स्वरावली आहे, तिचा एक प्रकार म्हणजे सा रे ग प ध. अहो, भूप! आपला भूप! हे मला पेटीच्या क्लासला जाणाऱ्या भाचीनं सांगितलं, मी नुसताच 'ओळखीचं वाटतंय, ओळखीचं वाटतंय' करत घरभर फिरत होतो.

तर सुरुवात 1977 च्या 'चे बेलेव' या त्याच्या अल्बमपासून करा. आत्ता लावा. आवाज मोठा ठेवा, शेजारी ओरडत आले तर त्यांनाही बसवून घ्या!