घाट उतरा, वीज साठवा!

बालमित्रांनो, खंडाळ्याचा घाट उतरता उतरता वीज साठवणारी गाडी पाहिलीत का? आमची नवी कॅम्री अशीच आहे. ती 'हायब्रिड', म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडगोळी! बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात २०१३ सालापासून ही हायब्रिड बनू लागली. उतारावर ब्रेक दाबला, की चाकंच मोटरला फिरवतात. मग मोटरचं होतं जनित्र आणि बॅटरी भरू लागते. एरवी ही शक्ती ब्रेक तापवण्यात फुकट जाते. खाली खोपोलीच्या गर्दीत गाडी हळू झाली, की इंजिन गप्प! नुसत्या मोटरवर ती मांजरीच्या पावलांनी सरकते. आत बसणाऱ्याला मोठी गंमत. पण रस्त्यावरच्याला चाहूलच लागत नाही. तेव्हा रस्ता ओलांडताना नुसत्या कानांवर विसंबू नका हं. दोन्हीकडे नीट बघा, मगच पाऊल टाका!