यंत्राची वायर आणि पुढचा हात



आजचा विषय जरा वेगळा आहे. मोरीचा पाईप तुंबला की विजेवर चालणारं जे मशीन लावतात, त्याची वायर काम झाल्यावर कशी गुंडाळून ठेवायची, एवढाच. हसू आलं असेल तर हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. कारण ही वायर कशीही टाकली तर त्याचा त्रास टाकणाऱ्याला होत नाही. पुढच्या वेळी जो ती हातात घेईल, त्याला होतो.

सोलापुरातल्या बायकांना तुंबलेली मोरी काय असते हे सांगायला नको. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी साठलेली धुणी, भांडी, फरशी, सगळं एकदम निघतं. इमारतीतल्या प्रत्येक घराची मोरी एकाच सकाळी वाहते. आत तेलातुपाचा थर, केसांचा गुंता, पिठाचा चिखल बसलेला असतोच. मग खालचं चेंबर भरतं आणि तळमजल्यावरच्या घरात पाणी उलटं वर येतं.

यावर उपाय तीन. पहिला म्हणजे कढत पाणी किंवा कॉस्टिक सोडा ओतणं. आपल्या घरांत जुन्या बायका कढत पाणी मोरीत ओतू देत नसत. गार होऊ दे, मग ओत, म्हणायच्या. मोरीतल्या जीवांचा विचार त्यामागे होता. दुसरा उपाय म्हणजे कुणाला तरी चेंबरमध्ये उतरवणं. तो विचारही मनात आणू नका. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. पैशाने माणूस परत येत नाही, हे आपण जाणतोच. तिसरा उपाय म्हणजे मशीन. त्यातही हिंसा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, पण तिघांत कमी त्रासाचा मार्ग तोच.

हे मशीन निघालं तेही घरगुती सामानातूनच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डे मॉइन नावाचं शहर आहे. तिथल्या सॅम्युअल ब्लँक यांच्या मुलाच्या घरची मोरी झाडाच्या मुळांनी तुंबली होती. त्यावरून त्यांनी खटपट सुरू केली आणि १९३३ साली मशीन तयार केलं. त्याला कपडे धुण्याच्या मशीनची मोटर होती, रोलर स्केटची चाकं होती आणि पुढे पाईपमध्ये फिरत जाणारी तारेची लांब दोरी. 'रोटो-रूटर' हे नाव त्यांच्या पत्नी लेटी यांनी सुचवलं. आजची मशीनही साधारण तशीच असतात. मोटर, गोल ड्रम, ड्रममध्ये वेटोळं घातलेली स्प्रिंग आणि मागे तीन पिनांची वायर. आपल्याकडे कामगार तिला 'स्प्रिंग मशीन'च म्हणतात.

आता यातली गोम बघा. मिक्सर, इस्त्री ही यंत्रं आपण कोरड्या जागी वापरतो. हे मशीन वापरायची जागाच ओली. माणूस पाण्यात उभा, हात ओले, ड्रममध्ये घाण पाणी, आणि मागे २३० व्होल्टची वायर. म्हणून इतर यंत्रांच्या वायरीत खपून जाणारी हयगय इथे चालत नाही.

आमच्या सोसायटीने वर्गणी काढून एक छोटं मशीन घेतलं आहे. ते मीटरच्या खोलीत असतं. साफसफाईला येणारे मामा ते चालवतात. काम झालं की मशीन उचलून आत ठेवायचं काम मात्र जो जवळ असेल तो करतो. कधी वॉचमन, कधी कॉलेजचा मुलगा. वायर ड्रमभोवती करकचून आवळायची आणि पिन त्यातच खोचायची, असा रिवाज पडला होता.

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी इमारतीचं वायरिंग तपासायला वायरमन आला होता. त्याच्याकडून मशीनही बघून घेतलं. लावून पाहिलं तर झकास चालू झालं. त्याने ते बंद केलं, पिन काढली, आणि आपल्या मीटरची एक काडी पिनेच्या जाड टोकाला, दुसरी मशीनच्या लोखंडी अंगाला लावली. मीटर वाजलं. मग वायर मशीनमध्ये शिरते तिथे, त्या रबरी गळ्याशी, त्याने ती जरा वाकवली. मीटर गप्प. पुन्हा सरळ केली, पुन्हा वाजलं.

"ताई, मशीन चालतंय म्हणजे वायर चांगली, असं नसतंय," तो म्हणाला.

त्याने वायर सोलून दाखवली. आत तीन तारा. दोन शाबूत. तिसरी, हिरवी, म्हणजे अर्थिंगची, गळ्याशी जवळजवळ तुटलेली. दोनचार केसांएवढे तांब्याचे धागे उरलेले. बाहेरून काही दिसत नव्हतं.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. वीज नेणारी तार तुटली तर मशीन बंद पडतं आणि आपल्याला कळतं. अर्थिंगची तार तुटली तर काहीच होत नाही, मशीन पहिल्यासारखंच फिरतं. पण पुढे कधी मोटरच्या आत ओल शिरून वीज लोखंडी अंगावर उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट उरत नाही. मग ती मशीन धरलेल्या हातातून जाते. साधा फ्यूज किंवा एमसीबी अशा वेळी पडेलच असं नाही, कारण तो बऱ्याच मोठ्या प्रवाहाला पडतो आणि माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. म्हणून अशा मशीनच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यात फरक पडला की ते क्षणात तोडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबल्यावर पडलं नाही, तर ते असून नसल्यासारखं.

तार तुटते ती बहुधा गळ्याशीच, आणि तुटते आवळण्याने. आपल्या पूर्वभागात घरोघरी मागासाठी कांड्या भरणाऱ्या बायका आहेत. सूत ओढून धरलं की तुटतं आणि सैल सोडलं की गुंततं, हे त्यांच्या बोटांना न बघता कळतं. वायरीचंही तसंच आहे. आम्ही आता जी पद्धत ठरवली आहे ती सांगते.

आधी बटण बंद, मग पिन धरून काढायची. वायर ओढून नाही. मोटर निवू द्यायची, ड्रम कलता करून आतलं पाणी काढून टाकायचं. मग हात कोरडे करून कोरड्या फडक्याने वायर मशीनपासून पिनेपर्यंत पुसायची. पुसताना बोटांना चीर, फुगवटा किंवा मऊ पडलेली जागा लागते. लागली तर ते मशीन त्या दिवसापासून बंद, आणि वायर अख्खी बदलायची. चिकटपट्टी गुंडाळून भागवायचं नाही.

गुंडाळताना गळ्याशी वीतभर वायर सैल सोडायची, मग पहिला वेढा. वेढे परातीएवढे मोठे आणि सैल. कोपर आणि पंजा यांच्यामध्ये लोकर गुंडाळतो तसं करायचं नाही. त्याने वायरीला पीळ पडतो. हँडलला आकडे असतील तर त्यांवर गुंडाळायची. नसतील तर वेटोळं कापडी पट्टीने बांधून वेगळ्या खिळ्याला अडकवायचं. ड्रमभोवती नाही, कारण ड्रम ओला असतो. मोटरभोवती नाही, कारण ती गरम असते. पिन वर, फरशीला टेकता कामा नये. पायाने दाबायचं पेडल असेल तर त्याची हवेची नळीही अशीच सैल. मशीन लाकडी फळीवर, उंदीर आणि ओल यांपासून दूर.

काढताना वायर पूर्ण उलगडायची. एक्स्टेन्शनची रीळ लावली तर तीही पूर्ण. गुंडाळलेल्या रिळीतून वीज वाहिली की ती आतून तापते. जोड कोरड्या जागी, उंचावर. आणि दोन पिनांच्या बोर्डात बसवायला म्हणून तिसरी पिन कधीही कापायची नाही. फिरत्या स्प्रिंगजवळ पदर, ओढणी, मोकळे केस नकोत. चालवणाऱ्याला हातमोजे द्यायचे ते चामड्याचे किंवा याच कामाचे रबरी. सुती मोजा स्प्रिंगमध्ये अडकून हात ओढला जातो.

हे सगळं लिहिताना मला आदाननिक्षेपण समिती आठवत होती. वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, जपून उचलायची आणि ठेवायची. मुनिराज कमंडलू ठेवण्याआधी पिच्छीने जागा झाडतात ते आपण पाहतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत ही एक आहे. समितीचं काटेकोर पालन मुनींचं. आपण श्रावक-श्राविका जमेल तेवढं करतो. आपण ते मुंगी-किड्यांपुरतं धरतो, आणि ते बरोबरच आहे. पण वस्तू ठेवण्यात हिंसा आणखी एका तऱ्हेने होऊ शकते. मी आज ठेवलेली वस्तू उद्या दुसरा कुणी विश्वासाने उचलतो. मी कशी ठेवली, हे त्याला माहीत नसतं.

घरातल्या बहुतेक वस्तू ठेवणारी आणि काढणारी बाई एकच असते. विळी कुठे, कशी ठेवली, ते आपल्याला ठाऊक असतं. सोसायटीच्या मशीनचं तसं नाही. ठेवणारा वेगळा, चालवणारा वेगळा. त्यातही चालवणारा तोच, ज्याला 'मला हे मशीन नको, वायर बरोबर दिसत नाही' असं म्हणायची सोय आपण क्वचितच देतो. म्हणून आमच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून घेतल्या. मशीन आत ठेवताना वायर पुसून गुंडाळायचं काम समितीतल्या कुणीतरी स्वतः करायचं, पाळीने. आणि मामा नको म्हणाले तर मशीन लावायचं नाही, मग मोरी संध्याकाळपर्यंत तुंबलेली राहिली तरी चालेल. पहिल्या गोष्टीला सगळ्या लगेच हो म्हणाल्या. दुसरीवर अर्धा तास गेला.

तुमच्याही इमारतीत, मंदिराच्या धर्मशाळेत, मंगल कार्यालयात असं मशीन कुठल्यातरी कोपऱ्यात असेल. चातुर्मास लागण्याआधी एकदा जाऊन बघा. पिन बोर्डात नाही ना, याची आधी खात्री करा. मग वायरीच्या गळ्याशी काय दिसतं ते पाहा, आणि वायरमनला बोलावून हिरव्या तारेची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.